वारेवरचे पांढरे ठिपके

"डॉक्टरसाहेब, आठ दिसांत पाच शेळ्या गाभडल्या. कुणाची तरी नजर लागली बघा," फोनवर मालक एवढंच बोलले.

भूम तालुक्यातली एक वस्ती. बावीस उस्मानाबादी शेळ्या, त्यातल्या बहुतेक गाभण. मी पोचलो तेव्हा सहावी नुकतीच गाभडली होती. दोन करडं पडली होती. एकाला केस फुटलेले, दुसरं मुठीएवढं, काळपट, वाळल्या चामड्यासारखं.

शेळ्या गाभडल्या की आमच्या डोक्यात पहिलं नाव ब्रुसेला या जिवाणूचं. मी हातमोजे चढवले आणि वार उचलून पाहिली. तिच्यावरच्या गाठींत खसखशीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके होते. वाळलेलं करडू आणि हे ठिपके एकत्र दिसले की संशय टोक्सोप्लाझ्माकडे, मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या परजीवीकडे वळतो. नमुने भरताना मी मनातून खूशच होतो, असं चित्र रोज कुठे बघायला मिळतं!

काम आटोपून हात पुढे केले. कुणीतरी तांब्यानं पाणी ओतत होतं. वर पाहिलं तर घरची सून, पाचवा महिना लागलेला. सकाळी दोन्ही करडं तिनंच उचलून बाजूला ठेवली होती, उघड्या हातांनी. मघापासून वार धरायला मला मदत करणारे हातही तिचेच. गाभडलेल्या जनावरापासून गर्भार बाईला लांब ठेवा, हे मी प्रत्येक शिबिरात सांगतो. त्या दिवशी मात्र माझी नजर वारेवरून हललीच नव्हती.

तिला साबणानं हात धुवायला लावले आणि दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला तालुक्याला पाठवलं. तोवर सासूबाईंनी तुरीच्या भुसकटाचा ढीग दाखवला. त्यात मांजर व्यालेली. पिल्लाला पहिल्यांदा लागण झाली की दोनेक आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीच्या लाखोंनी अंडपुट्या पडतात, आणि ओल धरून राहिलेल्या मातीत त्या वर्षभरही टिकतात. तेच भुसकट गव्हाणीत जात होतं.

शेळ्यांचे अहवाल आले : ब्रुसेला नाही, टोक्सो आहे. सुनेच्या रक्तात जुन्या लागणीचे आयजीजी प्रतिपिंड सापडले, ताज्या लागणीचे आयजीएम नव्हते. माहेरही शेळ्यांचंच, लहानपणीच लागण होऊन गेली असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजी नको."

बाईंचं बरोबर होतं. झोप माझीच उडाली. आपण ज्वारीचे वाण ओळखतो तसे या परजीवीचेही वाण आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मुख्य तीन. पहिल्या प्रकारचा एकच जीव प्रयोगशाळेतल्या उंदराला मारायला पुरतो. दुसऱ्याचे थोडे जीव गेले तर उंदीर सहसा जगतो, फक्त मेंदूत गाठी घेऊन. युरोपातल्या माणसांत आणि मेंढ्यांत हा दुसराच जास्त सापडतो. दक्षिण अमेरिकेत मात्र या तिघांत न बसणारे वाण आहेत. फ्रेंच गयानाच्या जंगलपट्ट्यात त्यांनी धडधाकट माणसांचीही फुप्फुसं निकामी केली. जुनी लागण असूनही गरोदरपणात निराळ्या वाणाची पुन्हा लागण झाली आणि ती बाळापर्यंत पोचली, अशा तुरळक नोंदी आहेत. शेळ्यांत कुठला वाण होता ते कुणी तपासलं नव्हतं. आमच्या पातळीवर तशी सोयही नाही. भूममध्ये बसून गयानाची चिंता करणं वेडेपणाचं होतं, हे कळत होतं. तरी झोप येईना.

"मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडू का?" सासूबाईंनी विचारलं. मी नको म्हणालो. एकदा लागण होऊन गेलेलं मांजर सहसा पुन्हा फारसं पसरवत नाही. नवं आलं तर पुन्हा पहिल्यापासून. वरचं भुसकट जाळलं, उरलेलं ताडपत्रीखाली गेलं.

भर उन्हाळ्यात जिलेबी आली, मुलगी झाली म्हणून. मी सुनेला म्हटलं, ही लागण बाळाच्या डोळ्यांतही उतरू शकते, लेकराचे डोळे एकदा नेत्रतज्ज्ञाकडून आतून तपासून घे. ती हसली, "तुमी तर शेळ्याचे डाक्टर!"

पंधरा दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. "दोन्ही डोळे चोख हायेत. आन् साहेब, ती दोन नंबरची शेळी परत गाभण ऱ्हायली, येऊन बघून जा की."