तुम्ही विचारलंत म्हणून: क्लचचे शू मी घरी का कोरतो

मुरमाच्या मैदानावर नायट्रो बग्गी, म्हणजे नायट्रो इंधनावर धावणारी रिमोटची छोटी गाडी, पळवायला लागलो की स्कूटर दुरुस्त करणारं कुणी ना कुणी थांबतं आणि विचारतं, "काका, क्लच तयार मिळतो की! मग घरी ड्रिल घेऊन कशाला बसायचं?"

त्यांना क्लच समजावून सांगावा लागत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तोच हा, फक्त मुठीत मावणारा. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, शू (पकड घेणारे छोटे तुकडे), त्यांना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, बाहेरून बेल, म्हणजे चाकांना फिरवणारी वाटी. वेग वाढला की शू बाहेर फाकतात, बेल पकडतात आणि गाडी निघते. ती किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, निघावी, एवढाच सगळा खेळ.

माझी गाडी थ्रॉटल दिला की आधी घुसमटायची, मग पळायची. साडेतीन सीसीच्या इंजिनाला खालच्या आरपीएमला जोर नसतो, आणि क्लच नेमका तिथेच पकडत होता. स्प्रिंगा १.० मिमी तारेच्या होत्या, म्हणून १.१ च्या आणल्या. आता गाडी उशिरा पकडून उसळायची आणि मुरमावर चाकं नुसती फिरायची. कारण तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने स्प्रिंगचा कडकपणा वाढतो. एक दशांश मिलिमीटरने बाकी सगळं तेच असताना ती सुमारे ४६ टक्के कडक होते, आणि पकडीचा आरपीएम पाचव्या हिश्श्याने वर जातो. मला हवी होती ती जागा या दोन पायऱ्यांच्या मधे होती, आणि ती दुकानात मिळत नाही.

शूचं वजन दहा टक्क्यांनी कमी केलं, तर मात्र पकड पाचेक टक्केच वर सरकते. म्हणून १.० च्याच स्प्रिंगा परत घातल्या आणि ॲल्युमिनियमच्या शूंना भोकं पाडली.

पहिल्यांदा चुकलो. भोक पिनेच्या फार जवळ घेतलं आणि तिथूनच शूला तडा गेला. शिवाय पिनेजवळचं वजन काढून फरकही फारसा पडत नाही, कारण शू पिनेभोवती फिरतो. मोकळ्या टोकाकडचं वजनच त्याला जास्त जोराने बाहेर ढकलतं. दुसऱ्या वेळी जागा बरोबर निवडली, पण तिन्ही शू अंदाजाने कोरले. वजनं सारखी नव्हती, इंजिन थरथरायला लागलं आणि थोड्याच दिवसांत बेलचं बेअरिंग गेलं. तेव्हापासून सराफी काटा जवळ ठेवतो. सगळ्यात हलका शू आधी ठरवायचा आणि बाकीचे दोन कानशीने त्याच्या वजनाला आणायचे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत.

वडील यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते. माग अडला की आधी डोळे मिटून ऐकायचे, पाना नंतर. मी एकेक भोक पाडून गाडी जोडतो आणि तसंच ऐकतो: आवाज चढताना कुठे दबतो, तिथे क्लच पकडतोय.

मे महिन्यात मात्र हे काम करू नका. आपल्याकडच्या उन्हात क्लच थोडा घसरला तरी बेल तापते, बेअरिंगचं ग्रीस जातं, स्प्रिंगा ढिल्या पडतात. मग गाडी उभ्या जागी पुढे सरकायला लागते आणि दोष भोकांचा की उन्हाचा, काही कळत नाही.

करून बघायचं असेल तर झिजलेले जुने शू घेऊन रविवारी मैदानावर या. काटा आणि बारीक ड्रिल माझ्याकडे आहे.