न मागितलेले कार्ड

गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला, की बँकेचे पाकीट घेऊन कुरिअरवाला उभा आहे आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय ते देणार नाही. त्याआधीच्या आठवड्यात ‘सर, तुमचे क्रेडिट कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे’ असे सांगणाऱ्या मुलीला मी ‘बघू’ म्हटले होते. आपल्याकडे ‘बघू’ हा सभ्य नकार असतो. तिने तो होकार म्हणून नोंदवला असावा.

पाकिटात माझे नाव उठवलेले कार्ड होते. ‘पहिल्या वर्षी मोफत’ या ठळक अक्षरांशेजारी फुली होती आणि तिचा खुलासा मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होता. पूर्वी मी असे कार्ड सरळ कात्रीने कापले असते. पण कार्ड कापल्याने बँकेच्या दप्तरातले खाते बंद होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे. संमतीशिवाय दिलेल्या कार्डाचे बिल आल्यास बँकेला ते शुल्क मागे घ्यावे लागते, शिवाय त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. तीस दिवसांहून अधिक काळ कार्ड सुरू केले नाही, तर बँकेने ओटीपीद्वारे संमती घ्यायची आणि ती न मिळाल्यास सात कामकाजी दिवसांत खाते विनाशुल्क बंद करायचे, अशीही तरतूद आहे.

खरी मेख या ओटीपीतच आहे. तिसऱ्या दिवशी ‘कार्ड रद्द करायला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तेव्हा मी चष्मा लावून तो मेसेज पूर्ण वाचला. त्यात कार्ड ॲक्टिव्हेट करण्याचा उल्लेख होता. फोन ठेवून मी बँकेला ईमेल केला, की हे कार्ड मी मागितलेले नाही, खाते बंद करून तसे लेखी कळवावे. बाकी रक्कम नसताना खाते बंद करण्यास सात कामकाजी दिवसांपेक्षा उशीर झाला, तर बँकेला ग्राहकास दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो, हेही त्यात नम्रपणे नमूद केले. पाचव्या दिवशी उत्तर आले. (फोनवर तासभर बोलूनही जे झाले नसते, ते चार ओळींनी झाले.)

आता वर्षातून एकदा मोफत मिळणारा सिबिलचा (कर्जे-कार्डांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल काढून त्यात हे खाते बंद दिसते का, एवढे पाहायचे राहिले आहे. तिथे चूक आढळल्यास तक्रार करता येते, आणि तिचे निवारण तीस दिवसांत झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.