अनंताची पिवळी पानं आणि गट नंबरचा रकाना

घरच्या बागेत संध्याकाळी निवांत बसता येतं, पण झाडं सुखात असतील तरच. नाहीतर खुर्ची टाकली की नजर पहिली जाते ती पिवळ्या पानावर. मग माणूस उठतो, पान उलटून बघतो, फवाऱ्याची बाटली शोधतो आणि तेवढ्यात चहा गार होतो. आमच्या परड्यात ही वेळ आणली अनंताच्या झाडानं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि शेंड्याचं नवीन पान सगळ्यांत जास्त पिवळं.

नवीन पान आधी पिवळं पडत असेल तर संशय लोहावर घ्यायचा. खालचं जुनं पान आधी पिवळं पडलं तर नत्रावर. एवढा फरक लक्षात ठेवला तरी मूठभर युरिया टाकायचा मोह आवरतो. कोल्हापुरातल्या काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. माती बेसॉल्टची, लोह भरपूर असतं. पण चुनखडी जास्त आणि सामू, म्हणजे मातीचा पीएच, आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. अनंत, सोनचाफा, लिंबू ही मंडळी सगळ्यांत आधी रुसतात. बोगनवेल, कण्हेर, डाळिंब, सीताफळ, शेवगा यांना याचं काही वाटत नाही.

म्हणून माती तपासून घ्यायचं ठरवलं. नमुना काढणं सोपं आहे, ते पुढं सांगते. घोडं अडलं ते अर्जापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माती तपासून अहवाल देणारी सरकारची मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. तीत १२ घटक तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. शुल्क किरकोळ, यंत्रं चांगली, नमुने तपासणारी माणसं जाणती. सगळी अडचण एवढीच की हा खटाटोप शेतकऱ्यासाठी मांडलेला आहे आणि घरामागच्या अर्ध्या गुंठ्याची त्यात कुणी कल्पनाच केलेली नाही. अर्जाचे रकाने बघा: गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सिंचनाचं साधन, मागचं पीक, पुढचं पीक. शहरातल्या प्लॉटला बहुतेक ठिकाणी गट नंबर नसतो, सिटी सर्व्हे नंबर असतो आणि तो प्रॉपर्टी कार्डावर मिळतो. प्रयोगशाळेच्या खिडकीतून उत्तर येतं, "ताई, सातबारा लागतोच." शहरात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड आहे, असं सांगितलं की, "मग साहेबांना विचारावं लागेल." साहेब बैठकीला. बैठक कधी संपणार ते कुणाला ठाऊक नाही.

यातून वाट अशी निघते. प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज: "सदर जागा सिटी सर्व्हे हद्दीतील असून सातबारा उपलब्ध नाही, घरगुती बागेसाठी नमुना तपासून मिळावा." हा कागद खिडकीवर न देता आवक-जावक टेबलावर द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. शिक्का पडला की "साहेबांना विचारतो" हे उत्तर बंद होतं. तोंडी कितीही गोड बोललात तरी ते बंद होत नाही, हा माझा ठाम अनुभव.

गट नंबरचं निभावलं की क्षेत्राचा घोळ सुरू होतो. आमची बाग ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ०.५६ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), हेक्टरमध्ये ०.००५६. संगणक दोनच दशांश घेतो. मग ०.०१ हेक्टर लिहून मोकळं व्हायचं. तपासणीला त्यानं काही फरक पडत नाही, कारण नमुना अर्धा किलोच असतो, शेत केवढंही असो. पण त्यावर वाद घालायला लोकांना वेळ मिळतो.

आणि मग पीक. "फुलझाडं" हे पीक यादीत नव्हतं. "भाजीपाला" होतं, पण त्याच्याखाली पुन्हा टोमॅटो, वांगी असं निवडायचं. शेवटी समोरच्यानं आपणच "ऊस" टाकला. कोल्हापुरात रिकामा रकाना दिसला की ऊसच लावतात बहुधा! तेव्हा हसू आलं, अहवाल हातात आल्यावर नाही.

त्यानंतर वाट बघणं. खरिपाच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, सगळ्या तालुक्यांतून नमुन्यांच्या पिशव्या येऊन पडतात आणि आपली कापडी पिशवी त्यांच्या तळाशी जाते. चौकशी केली की "तपासून झालंय, सही राहिलीय." सही झाली की "प्रिंटर बंद आहे." बागेच्या मातीची काही पेरणीची घाई नसते, तेव्हा नमुना हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत द्यावा. गर्दी नसते. घाईच असेल तर खासगी प्रयोगशाळा पैसे जास्त घेतात, पण "घरगुती बाग" म्हटल्यावर भुवया उंचावत नाहीत. घरात कुणी साखर कारखान्याचे सभासद असतील तर कारखान्याकडं माती तपासायची सोय आहे का, तेही विचारून बघा.

अर्ज देताना एक गोष्ट हमखास राहते: त्या १२ घटकांत चुनखडीचं प्रमाण नसतं. ते वेगळं मागावं लागतं, आणि अनंताच्या दुखण्यात तोच आकडा सगळ्यांत कामाचा. "मुक्त चुनखडी" असे शब्द अर्जावर लिहून द्या.

वाट बघताना घरी दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत. स्टीलच्या ताटलीत मातीचं सुकं ढेकूळ ठेवून त्यावर चमचाभर व्हिनेगर ओतायचं. चुनखडी असली की ढेकळाच्या कडेनं बारीक बुडबुडे उठतात आणि ताटली कानाजवळ नेली तर चुरचुर ऐकू येते. आमच्या मातीनं चांगलाच फेस काढला. दुसरं म्हणजे फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि काठीनं मोजायचं. तासाला इंचभर पाणी उतरलं तर ठीक. अर्धा इंचही उतरत नसेल तर जून ते सप्टेंबर मुळं पाण्यातच बसणार. चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की लोहाचा उपास आणखी वाढतो. भर पावसाळ्यात अनंत का पिवळा पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता नमुन्याचं. बागेतल्या आठ-दहा जागांवरून, पृष्ठभागावरचा कचरा बाजूला सारून, 'व्ही' आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. लोहाचं प्रमाण बघायचं असेल तर गंजकं खुरपं, लोखंडी घमेलं नको. लाकडी काठी आणि प्लॅस्टिकची बादली घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यातून माती नेऊ नका. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवायची, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. नुकतंच खत टाकलं असेल तर दोन-तीन महिने थांबा.

शहरातल्या बागेसाठी आणखी एक पथ्य आहे, जे शेतीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. घराच्या भिंतीपासून दोन फुटांच्या आतली माती घेऊ नका. तिथं बांधकामाच्या वेळचा राडारोडा, सिमेंट, गिलाव्याची भुकटी पुरलेली असते आणि सामू भलताच चढा येतो. झाड तिथंच असेल तर त्या जागेचा नमुना वेगळा द्या. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांच्या अंगणात पाणी येऊन गाळ बसला, त्यांनीही वरचा थर आणि खालची माती वेगवेगळी तपासावी.

अहवाल आला. सामू ८.३, लोह ३.१ पीपीएम (दहा लाख भागांत ३.१ भाग), चुनखडी ९ टक्के. लोहाची किमान गरज ४.५ पीपीएम धरतात, म्हणजे रोग बरोबर ओळखला होता. आणि खाली शिफारस: सुरू हंगामाच्या उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्र. त्याचा युरिया होतो ५४३ किलो. अहवालातला हेक्टरी किलोचा आकडा म्हणजे १०० चौरस फुटांना जवळपास तितकेच ग्रॅम, थोडे कमी. म्हणजे फुलांच्या वाफ्याला अर्धा किलो युरिया! तो टाकला असता तर जास्वंदीला पानं आली असती हातभर आणि कळी एक नाही. तेव्हा अहवालाचा वरचा भाग जपून ठेवायचा आणि शिफारशीचा भाग घडी घालून आत सरकवायचा.

नर्सरीत हमखास सांगतात की गंधक टाका, सामू उतरेल. हिशेब करून बघा. एका गुंठ्याच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीतली एक टक्का चुनखडी विरघळवायला ६०-७० किलो गंधक लागतं. ९ टक्क्यांना किती पोती, ते तुम्हीच मोजा. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या, जमिनीसाठी असतं, इथं त्याचा उपयोग नाही. अंड्याची टरफलं म्हणजे पुन्हा चुनाच. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख कुणी आपुलकीनं आणून दिली तर डाळिंबाला द्या थोडी, अनंताच्या जवळसुद्धा नको.

जमीन बदलत नाही म्हटल्यावर झाडाची जागा बदलायची. अनंत १६ इंची कुंडीत हलवला. दोन भाग पश्चिमेकडची तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. सकाळचं चार तास ऊन, दुपारी सावली. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं, बोअरचं नको. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते ती बोअरच्याच पाण्याची. हलवण्याआधी फवारणी केली ती लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळी, १५ दिवसांच्या अंतरानं. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडा डाग जन्मभर निघत नाही. जमिनीतून लोह द्यायचंच असेल तर दुकानात सहज मिळतं ते ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) आपल्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए लिहिलेलं पाकीट मागा, महाग असलं तरी.

उरलेल्या वाफ्यांत कण्हेर, तगर, डाळिंब, तुळस ठेवली आणि वर उसाच्या पाचटाचं तीन इंच आच्छादन दिलं. खोडापासून चार बोटं अंतर सोडायचं, आणि भिंतीला टेकू द्यायचं नाही, वाळवी लागते. जूनमध्ये ते पातळ करा. त्याखाली गोगलगायी लपतात, तिन्हीसांजेला वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. मीठ मातीवर मात्र कधीच नाही.

आता बागेचं रोजचं काम वीस मिनिटांत आटपतं. खुर्ची अनंताच्या पूर्वेला ठेवली आहे, कारण आपल्याकडं मार्चनंतर संध्याकाळचा वारा बहुतेक पश्चिमेचा आणि वास वाऱ्याबरोबर येतो. रातराणी मात्र खुर्चीपासून पंधरा-वीस फूट लांबच बरी, जवळ असली की डोकं चढतं. फवाऱ्याची बाटली माळ्यावर गेली आहे.

माती दर दोन-तीन वर्षांनी तपासावी म्हणतात, ते खरं आहे. शिक्क्याची जुनी प्रत आणि प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स अहवालालाच टाचून ठेवा. नमुन्यातली थोडी माती बरणीत चिठ्ठी लावून ठेवली तर पिशवी हरवली तरी नव्यानं खणावं लागत नाही. आणि पिकाच्या रकान्यात तुमच्यादेखत "भुईमूग" लिहून घ्या. यादीत तो असतो, आणि त्याची नत्राची शिफारस उसाच्या मानानं बरीच कमी असते.