पाचवा दिवस

आज ताईसोबत कर्वे रोडला आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) क्लिनिकमध्ये गेले होते. आठ एग्ज निघाली, सहा फर्टिलाइज झाली, आज पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (म्हणजे गर्भाचा पोकळ गोळा होण्याच्या टप्प्यापर्यंत) पोचले फक्त दोन. ताईचा चेहराच उतरला. "बाकीचे कुठे गेले गं?"

लॅबवाल्या मॅडमनी खुर्ची ओढून समजावलं. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतो, मग त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. तिथेच बरेच थांबतात. ताईचं काही चुकलं नव्हतं. (हे ऐकायला आमचे भावजी हवे होते, ते आठवडाभर 'तू पपई खाल्लीस' म्हणतायत.)

पूर्वी गर्भ वाढवायच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, हवेइतकाच, २० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असायचा. आता अनेक लॅब ५ टक्के ठेवतात, कारण गर्भनलिकेतही तो कमीच असतो. एवढ्याशा बदलाने गर्भ जास्त चांगले वाढतात म्हणे.

मग टाइम-लॅप्सची फिल्म दाखवली. गर्भाचा गोळा हळूहळू फुगतो, दचकल्यासारखा आक्रसतो, परत फुगतो.

"नाचतोय बघ!" ताई म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

एक गर्भाशयात सोडायचा, एक गोठवायचा, असं ठरलं. रिक्षात बसल्यावर मात्र लगेच, "आईला इतक्यात सांगू नकोस हं, ती नवस बोलेल."