पाचवा प्रश्न, तीन गुण

गणेश चवथीच्या सुट्टीआधी पेपर तपासून द्यायचे, हा आमच्याकडचा दरवर्षीचा तगादा. बाहेर पाऊस, स्टाफरूममध्ये वीज गेलेली, खिडकीपाशी खुर्ची ओढून मी आठवीच्या गणिताचा गठ्ठा उपसत होते. पेपर आमचा नव्हता. जवळपासच्या काही शाळा मिळून एकच पेपर काढतात, यंदा तो दुसऱ्या शाळेतून आला होता. सोबत उत्तरसूचीही आलेली.

पाचवा प्रश्न तीन गुणांचा: ‘सोडवा. ३(क्ष − २) + ५ = ३क्ष + १’. (मुलं अर्थात एक्स लिहितात. प्राथमिक मराठीतून झालं तरी पाचवीपासून आमच्याकडे सगळं इंग्रजीत.) उत्तरसूचीत क्ष = २. पहिल्या काही पेपरांत दोन हे उत्तर सापडलंही, आणि मी बरोबरच्या खुणा करत पुढे गेले. मग एका मुलीचा पेपर आला. वर्गातली शांत, पण गणितात पक्की. तिने कंस नीट सोडवला होता: ३क्ष − ६ + ५, म्हणजे ३क्ष − १. पुढच्या ओळीवर मात्र पेनने इतकं गिरवलं होतं की कागद मागून फुगला होता. उजेडासमोर धरल्यावर खालचं दिसलं: −१ = १. त्या खाडाखोडीखाली तिने ३क्ष + ३क्ष = १ + १ असं मांडून क्ष = १/३ काढलं होतं. बाजू बदलताना चिन्ह बदलायचं असतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. इथे तिने ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

मी स्वतः करून पाहिलं. क्षच्या जागी २ घातले तर डावीकडे ५ आणि उजवीकडे ७. छपाईत चूक होती. उजवीकडे २क्ष + १ हवं होतं, मग उत्तर २ येतं. दोनाच्या जागी तीन छापला गेला आणि गणिताचा जीवच गेला: दोन्हीकडचे ३क्ष एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात राहतं −१ = १.

मग तपासलेले पेपर पुन्हा काढले, कारण आता प्रश्न असा होता की ज्यांना दोन आले त्यांना ते कुठून आले? एकसारखीच गोष्ट निघाली. ३क्ष − ३क्ष = २, म्हणजे ०क्ष = २, आणि तिथून थेट क्ष = २. शून्य वाटेत कुठेतरी सांडलेलं. छापील चूक आणि मुलांची चूक एकमेकींत अशा फिट्ट बसल्या की उत्तरसूचीशी ताळा जमला. काहींनी क्ष = २/० लिहून पुढे ‘= ०’ केलं होतं. त्यांना मी फार बोलणार नाही. शून्याचे नियम इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवणाऱ्या ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्यच असं सांगितलं होतं. शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असं वेगळं नाव देऊन तिचा वेगळा विचार भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त केला तो ११५० मध्ये, पाचशेहून जास्त वर्षांनी. आठवीतल्या पोरांना तर अर्धा तासही नव्हता.

कंस चुकीचा सोडवणारे नेहमीचेच: ३(क्ष − २) चं ३क्ष − २. त्यांना ३ = १ आलं, आणि तेही काहीतरी करून क्षपर्यंत पोचले. पोचले सगळेच. −१ = १ वर थांबलेला एकही पेपर नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, “ही ओळ का खोडलीस?”

“टीचर, तसं येत नसतं.”

“पण तुला तर तसंच आलं होतं.”

“सोडवा म्हटलंय म्हणजे उत्तर असणारच ना? मग माझंच चुकलं असेल.”

यावर माझ्याकडे पटकन बोलायला काही नव्हतं. मी फळ्यावर ते समीकरण लिहिलं आणि वर्गालाच विचारलं, ३क्ष − १ आणि ३क्ष + १ सारखे कधी होतील? एकेकाने क्षच्या किमती घालून पाहिल्या. दहा घातले तर २९ आणि ३१. शंभर घातले तर २९९ आणि ३०१. दोनाचं अंतर हलेना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “टीचर, हे पायलटसारखं.” त्याचे वडील म्हापशाच्या स्टँडवर पायलट आहेत, म्हणजे मागे पॅसेंजर बसवून मोटारसायकल चालवतात. त्याचं म्हणणं: दोघांचा किलोमीटरचा दर एकच, पण एकजण बसल्याबसल्या दहा रुपये जास्त घेतो. “मग पणजीपर्यंत जा नाही तर काणकोणपर्यंत, भाडं सारखं होणारच नाही.”

“आणि बसायचे पैसेपण सारखेच असले तर?” कोणीतरी विचारलं.

“मग कुठेही जा, सारखंच!”

मला जे पुढच्या तासाला शिकवायचं होतं ते झालंसुद्धा. उजवीकडे ३क्ष − १ असतं, तर क्षची कुठलीही किंमत चालली असती. मग आलेख काढला: एकमेकींना कधीच न भेटणाऱ्या दोन समांतर रेषा. मला त्यात एक गंमत वाटते. बरोबरचं चिन्ह (=) रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये आणलं तेव्हा त्याने दोन समांतर रेषाच घेतल्या, कारण त्याच्या मते याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. आणि इथे नेमक्या समांतर रेषा सांगत होत्या की बरोबर होणं शक्य नाही. मुलांना हे फारसं भावलं नाही. त्यांना पायलट पुरे होता.

गुणांचं काय, यावर शाळाशाळांत फोनाफोनी झाली आणि ठरलं की सगळ्यांना तीनपैकी तीन. वाद टाळायचा तर दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. पण ०क्ष = २ वरून क्ष = २ करणाऱ्यालाही तीन आणि −१ = १ पर्यंत प्रामाणिकपणे पोचलेलीलाही तीन, हे काही मला पटलेलं नाही. तिच्या पेपरवर मी त्या खोडलेल्या ओळीलाच बरोबरची खूण केली.

पुढच्या चाचणीचा पेपर माझ्याकडे आला. त्यात मी उत्तर नसलेलं एक समीकरण मुद्दाम घातलं, वर नेहमीसारखं ‘सोडवा’. परीक्षेत दोघीतिघी उठून विचारायला आल्या, “टीचर, पेपरात चूक आहे?” म्हटलं, येतंय ते लिहा. बऱ्याच जणांनी ‘उत्तर नाही’ असं ठणकावून लिहिलं. पायलटवाल्यानेही लिहिलं, फक्त भलत्याच प्रश्नात. ५ − (३ − क्ष) = ८ − क्ष. याचं उत्तर ३ येतं. त्याने कंसाबाहेरचं वजा आत नेताना क्षचं चिन्ह तसंच ठेवलं, २ = ८ आलं, आणि त्याखाली दोन रेघा मारून लिहिलं: उत्तर नाही. पेपर हातात पडल्यावर तो माझ्याशी भांडायला आला.