सगळीकडे ‘हुकूमशाही’ करून टाकलं

मुद्रितशोधकाला एक खोड जडते. एकाच अर्थाचे दोन शब्द दिसले की त्यातल्या एकावर काट मारायला हात शिवशिवतो. मध्यंतरी राज्यशास्त्राचं एक पुस्तक तपासत होतो. त्यात कुठे ‘हुकूमशाही’, कुठे ‘अधिकारशाही’, तर कुठे ‘सर्वंकषवाद’. मी सरसकट ‘हुकूमशाही’ केलं आणि प्रुफं धाडून दिली. लेखिकाबाईंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “अहो, तुम्ही माझा विषयच खोडलात की!”

मग वाचत बसलो. पैसे पानामागे मिळतात, वाचण्याचे नाही. पण ते असो.

गंमत अशी की हा घोटाळा एकट्या माझा नव्हता. लोकशाही एका टोकाला, माणसाचं सगळं आयुष्यच ताब्यात घेऊ पाहणारी सर्वंकष सत्ता दुसऱ्या टोकाला, अशी दोन खणांची मांडणी बरीच वर्षं चालत होती. हुकूमशहा जनरल फ्रँकोचा स्पेन कुठल्याच खणात नीट बसेना. हुआन लिन्झ या राज्यशास्त्रज्ञाने १९६४ साली त्यावर निबंध लिहून तिसरा खण पाडला: अधिकारशाही. स्पेनमध्ये स्वातंत्र्य नव्हतं, पण सत्ता एकसंधही नव्हती. सैन्य, चर्च, फालांज हा फॅसिस्ट वळणाचा पक्ष, राजेशाहीवादी हे सगळे आपापली जागा राखून होते आणि १९३९ ते १९७५ फ्रँको त्यांचा तोल सांभाळत बसला. रोखठोक विचारसरणी नव्हती, एक प्रवृत्ती होती. मर्यादा नीट लिहिलेल्या नव्हत्या, तरी कुठवर बोललं तर चालतं हे लोकांना बरोबर कळायचं.

मला सगळ्यात पटला तो सहभागाचा मुद्दा. पूर्व जर्मनीत मतदानाला जावंच लागे. छापील यादी घ्यायची, घडी घालून पेटीत टाकायची. लोक त्याला ‘घडी घालायला जाणं’च म्हणत. पडद्याआड गेलात तर संशय. मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर झाला. सर्वंकष सत्तेला असा तुमचा होकार हवा असतो, तोही मिरवून. अधिकारशाहीला तो नको असतो. तुम्ही घरी बसा, कामधंदा करा, आमच्या वाटेला जाऊ नका, एवढंच तिचं मागणं.

राजेशाहीचं सोपं आहे. सत्ता कुठून आली? बापाकडून. पुढे विचारायची सोय नाही.

चिलीची हकिगत मी दोनदा वाचली. लष्करप्रमुख पिनोशेने १९७३ मध्ये बंड करून सत्ता घेतली. माणसं मारली, गायब केली. १९८० च्या संविधानात मात्र स्वतःच सार्वमताची तरतूद ठेवली: आपण पुढेही सत्तेवर राहायचं की नाही? ५ ऑक्टोबर १९८८ ला ते झालं आणि सुमारे ५६ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. रात्री सरकार निकाल सांगायला रेंगाळत होतं. तेवढ्यात लष्करी मंडळातलेच हवाईदलप्रमुख मात्तेई यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरता शिरता पत्रकारांना सांगून टाकलं, ‘नाही’ जिंकलंय. लिन्झ म्हणतो ती सत्तेतली फट ही अशी दिसते. अर्थात पिनोशे घरी गेला असं समजू नका. लष्करप्रमुख म्हणून १९९८ पर्यंत तो होताच.

आणि मेक्सिको! १९२९ मध्ये स्थापन झालेला पक्ष नावं बदलत २००० पर्यंत सत्तेत. निवडणुका वेळेवर, विरोधी पक्ष हजर, राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत. पण पुढचा कोण, हे जाणारा ठरवायचा; लोकांनी त्याला बोटावरून नाव पाडलं होतं, ‘देदासो’. १९८८ मध्ये मतमोजणी चालू असताना ‘यंत्रणा कोसळली’ आणि ती सावरल्यावर सत्ताधारीच जिंकले. नुसतं मतदान होतं का, हे विचारून काय उपयोग? सत्तेवरचा माणूस हरू शकतो का, हे विचारायला हवं.

सगळ्या काटा मी उलट फिरवल्या. चिलीच्या प्रकरणात ‘हुकूमशहा’ ठेवला, तो बाईंनाही चालला. मेक्सिकोच्या प्रकरणात मात्र माझ्या नजरेतून एक निसटला. बाईंनी त्याच्याभोवती गोल काढून समासात लिहिलं होतं, “कोण?”