गोधडी उन्हात टाकू नये

टेक्सासातल्या ऑस्टिनला जानेवारीत दोन दिवस रिपरिप लागते, ढग छपरांवर टेकल्यासारखे बसून राहतात आणि तिसऱ्या दिवशी आभाळ असं लख्ख निळं निघतं की घरात बसवत नाही. उत्तरेचा वारा सुटलेला असतो. हवा गार, ऊन खणखणीत. अशा दुपारी मराठी घराला एकच सुचतं: गाद्या, उशा, गोधड्या बाहेर काढा. दमट अंथरुणाला ऊन दाखवल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही. मग डेकच्या कठड्यावर गोधडी पसरली जाते, संध्याकाळी उबदार होऊन आत येते आणि रात्री अकराच्या सुमारास घरातलं एकेक जण शिंकायला लागतं. उन्हाबरोबर सीडर नावाच्या झाडाचा परागही आत आलेला असतो.

मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर हे झाड मुबलक आहे. बोलीत माउंटन सीडर, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जुनिपेरस अ‍ॅशी. नर झाड वेगळं, मादी वेगळी. मादीला छोटी निळसर फळं धरतात, तिचा कुणाला त्रास नाही. नर मात्र डिसेंबरात लांबूनच ओळखू येतो. हिरव्या झाडावर तांबूस-नारिंगी झाक चढते, वाळत चाललंय की काय असं वाटतं. जवळ जाऊन डहाळीचं टोक पाहिलं तर तीन-चार मिलिमीटरचे, मधाच्या रंगाचे खवलेदार शंकू दाटीनं लागलेले दिसतात. खवल्यांच्या आड परागाच्या पिशव्या. हवा कोरडी झाली की खवले आक्रसतात, फटी पडतात, पिशव्या तडकतात. त्या वेळी फांदीला नुसता खांदा लागला तरी पिवळा धूर उठतो. टेकडीवरची बरीच झाडं एकदम अशी धुरायला लागली की वणवा समजून अग्निशमन दलाला फोन जातात.

बहुतेक झाडं परागासाठी वसंताची वाट पाहतात. या झाडानं थंडी निवडली. मोसम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि ऐन भर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास. म्हणजे आपली संक्रांत अचूक त्यात सापडते. तिळगूळ घ्या म्हणायच्या आधी रुमाल शोधावा लागतो.

दोष सगळे थंडीला देतात, पण खरी कळ कोरडेपणाची आहे. पाऊस पडत असताना हवा धुऊन निघते, खवले मिटलेले राहतात, परागाचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. लोकांना वाटतं, सुटलो. वास्तविक शंकूंमधला माल जागच्या जागीच असतो. मग उत्तरेकडून थंड हवेची आघाडी येते, आर्द्रता काही तासांत घसरते आणि दोन-तीन दिवस तुंबलेलं सगळं एका दुपारी सुटतं. अमेरिकेत झाडांच्या परागाचं मोजमाप घनमीटरमागे कणांत सांगतात. ९० च्या पुढे ‘जास्त’ आणि १,५०० च्या पुढे ‘अति जास्त’. ऑस्टिनमध्ये अशा दुपारी हा आकडा कित्येक हजारांत जातो. तेव्हा भीती धरायची ती पावसानंतरच्या पहिल्या निरभ्र, वाऱ्याच्या दिवसाची.

आकड्यावर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक. परागमापक यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं, आत तासाला दोन मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर कण बसतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतं. म्हणजे सकाळी बातम्यांत दिसणारा आकडा बहुधा कालचा असतो. त्यापेक्षा वाऱ्याची दिशा आणि आर्द्रता पाहावी. वारा उत्तरेचा नि आर्द्रता तिसाच्या घरात असेल तर बागकाम, टेकडीवरची चढण, आणि हो, गोधडी, सगळं पुढे ढकलावं.

इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांचा पहिल्या हिवाळ्यातला तोरा बघण्यासारखा असतो. ‘पुण्याची धूळ खाऊन आलोय, आम्हाला काय होतंय!’ पहिली एक-दोन वर्षं खरंच काही होत नाही. शरीर अजून ओळख करून घेत असतं. त्या परागातल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला पुन्हापुन्हा संपर्क यावा लागतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाळी येते. अपवाद जपानमध्ये राहून आलेल्यांचा. तिथल्या ‘सुगी’ नावाच्या झाडाचा पराग या सीडरचा भाऊबंद आहे. टोकियोत फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे चोळून झालेला माणूस ऑस्टिनच्या पहिल्याच हिवाळ्यात आडवा होऊ शकतो.

त्यातच भारतातून आई-बाबा आलेले असले की निदान ठरलेलं: गार वारं बाधलं. कानटोपी, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीची वाफ. वाफेनं घटकाभर बरं वाटतं, हे खरंच. पण सर्दी आठ-दहा दिवसांत आवरतं घेते, हा प्रकार सहा-सहा आठवडे चालतो. नाकातून पाणी पातळ आणि स्वच्छ, शिंका माळेनं, डोळे आणि टाळू खाजणारे. टाळूला सुटलेली खाज ही तर पक्की खूण. लोक याला सीडर फीवर म्हणतात, तरी थर्मामीटरवर खरा ताप सहसा नसतो. असला तर दुसरं काही शोधावं.

औषधाची गंमत अशी की ते त्रास सुरू व्हायच्या आधी सुरू करायचं असतं. फ्लुटिकासोनसारख्या नाकातल्या स्टिरॉइड फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरावा. फवारताना बहुतेक जण मान मागे टाकतात, तिथेच औषध घशात उतरतं. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, नळीचं टोक बाहेर कानाच्या रोखानं, आणि श्वास हलका. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की घोळणा फुटतो आणि मग ‘मला ते औषध सोसत नाही’ म्हणून बाटली कपाटात जाते.

जलनेती आपल्याकडे जुनीच. तिचा इथे चांगला उपयोग होतो, पण पाणी थेट नळाचं घ्यायचं नाही. त्यात क्वचित असणारा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो. डिस्टिल्ड पाणी आणावं, किंवा किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट करावं. पाव लिटरला अर्धा छोटा चमचा आयोडिन नसलेलं मीठ नि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं की नाकात झोंबतं आणि लोक दोष देतात नेतीला.

‘इथला मध खा, सवय होईल’ हा सल्ला दर वर्षी कुणीतरी देतंच. मध खुशाल खावा. पण हे झाड परागाची पाठवणी वाऱ्यावर सोपवतं, त्याला मधमाशीची गरज नाही. मधात पराग असतो तो मुख्यतः फुलांचा. उलट रात्री झोपण्यापूर्वी डोक्यावरून अंघोळ केली तर फरक पडतो, कारण दिवसभराचा पराग केसांत असतो आणि केस उशीवर.

आपल्याकडची दख्खनची थंडीही या बाबतीत अगदी निर्दोष नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वावळ पानं झाडून उघड्या फांद्यांवर बारीक, कुणाच्या नजरेत न भरणारी फुलं काढतो आणि पराग वाऱ्यावर सोडतो. लोक मात्र पुढे उडणाऱ्या सावरीच्या कापसाला शिव्या घालतात. तो कापूस बियांचा, पराग नव्हे.

अंगणातला नर सीडर तोडावा का, हा प्रश्न हमखास येतो. हौस असेल तर तोडावा, पण तो पराग दक्षिणेच्या वाऱ्यावर पाचशे किलोमीटरपलीकडे ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत पोचतो. आपलं एक झाड गेल्यानं नाकाला काही कळणार नाही. शिवाय सोनेरी गालांचा एक छोटा वटवट्या पक्षी, जो जगात फक्त टेक्सासमध्ये घरटं करतो, ते घरटं जुन्या सीडरच्या सालीच्या पट्ट्यांनी विणतो. १९९० पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या राहत्या रानात कुऱ्हाड चालवण्याआधी कायदा पाहावा लागतो.

फेब्रुवारी सरता सरता सीडर आवरतो. मार्चमध्ये ओक सुरू होतो. त्याची पिवळी धूळ निदान गाडीच्या काचेवर दिसते तरी.